मशीन तीन

सातपूर, तिसरी पाळी.
झंवर शेठ जाताना म्हणाले,
मशीन तीनची मेमरी भरली.
सगळं ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आहे का बघ,
असेल तर मशीनवरचं उडव.
सगळं म्हणजे प्रोग्राम.
मशीनवर चारशे बारा फायली,
ऑफिसात चारशे नऊ.

पहिल्या रात्री वहीत मधोमध रेघ मारली,
दोन्हीकडे नावं उतरवत गेलो.
ऐंशीव्या नावाशी डोळे मिटले.
वही पेखळेंची होती,
मागच्या पानांवर त्यांच्या चहाचा हिशेब.

दुसऱ्या रात्री शिकायला घेतलं.
काळी खिडकी, लुकलुकणारी काडी.
पहिल्या ओळीत हॅश, उद्गारचिन्ह,
मग वाचणाऱ्याचा पत्ता.
चालवून पाहिलं.
परवानगी नाकारली.
फाईल माझी, अक्षर न् अक्षर माझं,
आणि परवानगी नाही.
जात पडताळणीच्या खिडकीवरसुद्धा
इतक्या कोरडेपणाने कुणी बोललं नव्हतं.

मग फॉर.
डावीकडच्या प्रत्येकाचं नाव घे,
उजवीकडे आहे का विचार,
नसेल तर सांग.
हजेरीच की ही.
चौकटी कंसाच्या आत थोडी जागा सोडावी लागते
हे कळायला पाऊण तास गेला.
खेटून बसलं की त्याला काही समजत नाही.

'कातकाडे फ्लँज नवा' अशी एक फाईल होती.
माझ्या स्क्रिप्टने तिचे तीन तुकडे केले:
कातकाडे सापडला नाही
फ्लँज सापडला नाही
नवा सापडला नाही
तेव्हा समजलं, नावाला दोन्ही बाजूंनी अवतरणात धरायचं,
आयटीआय सिग्नलला पोराचं बखोट धरतात तसं.

चारला उत्तर आलं.
फक्त मशीनवर: तीन.
दोन चाचणीच्या, एक रिकामी.
बाकी सगळी नावं जुळली.

उडवायची आज्ञा टाईप केली.
एंटर दाबलं नाही.
का, ते नीट सांगता येणार नाही.
निफाडला पारा पाचवर गेल्याचं घुगे दर तासाला सांगत होता,
हात खिशात होते, इतकंच असेल.
आणि मग कॉलेजातला ढिकले आठवला,
जो आम्हा चौघांची हजेरी
चार आवाजांत द्यायचा.

अजून एक ओळ घातली.
नाव सापडलं तर थांबू नकोस,
आत जा, अक्षर अक्षर ताडून बघ.

या वेळी यादी पडद्याबाहेर गेली.
एकसष्ट.
नाव तेच, आत एखादाच आकडा सरकलेला.
फीड एकशे वीसचं पंच्याण्णव.
ऐंशीचं बहात्तर.
शेजारी कंसात, इंग्रजी अक्षरांत,
कारण मशीनला दुसरी येत नाहीत:
थंडीत हळू.
एकीत: या पार्टीचा बार कडक येतो, घाई नको.
एकीत नुसतंच: बघ रे.

पेखळे मार्चमध्ये रिटायर झाले.
शाल, नारळ, चिवड्याचा मोठा पुडा.
मशीन तीनवर रिजेक्शन का नाही
असं कुणी विचारलं तर शेठ म्हणायचे,
जर्मन आहे.
पेखळे तिथेच उभे असायचे, चिंधीने हात पुसत.

कॉपी करताना दोनच शब्दांची अदलाबदल केली:
मशीनवरून, ऑफिसात.
एकसष्ट ओळी सरकत गेल्या.
बाहेर त्र्यंबक रोडवर दुधाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या.

सकाळी शेठ आले.
सारखं आहे का सगळं?
आता आहे, म्हणालो.
मशीनवरचं उडवलंस?
उडवतो, म्हणालो.

त्या 'बघ रे' ओळीशी काय बघायचं होतं
ते अजून कळलेलं नाही.
तो जॉब लागला की
मोबाईल खिशात टाकतो
आणि काचेपाशी जाऊन उभा राहतो.